ज्यू गावांच्या स्मृतिग्रंथांतून आपले घराणे कसे शोधावे

पूर्व युरोपातून बाहेर पडलेल्या ज्यू घराण्याचा शोध घेणाऱ्याच्या हाती सुरुवातीला फारसे काही नसते. एक आडनाव असते, आजीने कधीतरी उच्चारलेले एक गाव असते आणि मागे राहिलेल्यांबद्दल घरात कोणी बोलत नसे, एवढी आठवण असते. अशा शोधात जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदवह्यांइतकेच, आणि काही बाबतींत त्यांहून अधिक, उपयोगी पडणारे साधन म्हणजे त्या त्या गावच्या ज्यू समाजाचा इतिहास सांगणारे ग्रंथ होत. पूर्व युरोपातील ज्यू लोकांच्या यिडिश भाषेत त्यांना यिझ्कोर, म्हणजे स्मरणाची, पुस्तके म्हणतात. आपल्याकडील कुलवृत्तांत एका कुळाचा असतो आणि त्यात गावे येतात. हे ग्रंथ एका गावाचे असतात आणि त्यांत कुळे येतात. त्यामुळे ते वाचण्याची रीतही वेगळी आहे. या लेखात ती रीत क्रमाने सांगितली आहे, परंतु सर्व टप्प्यांवर एक प्रश्न सोबत ठेवावा लागतो: ही माहिती कोण सांगत आहे आणि ती त्याला कशी कळली?

मृतांची नावे लिहून ठेवण्याची परंपरा या समाजात फार जुनी आहे. न्यूर्नबर्गच्या ज्यू समाजाची स्मृतिवही १२९६ साली सुरू झाली होती आणि छळात मारल्या गेलेल्यांची नावे अशा वह्यांतून प्रार्थनास्थळात वाचली जात. आधुनिक स्मृतिग्रंथ मात्र नाझी संहारानंतरचे आहेत. वूच या पोलिश शहराचा ग्रंथ १९४३ सालीच, म्हणजे युद्ध चालू असताना, न्यू यॉर्कमध्ये निघाला. बहुसंख्य ग्रंथ १९५० ते १९८० या काळात इस्रायल, अमेरिका आणि अर्जेंटिना येथे छापले गेले. ते काढले कोणा विद्यापीठाने नव्हे, तर एकाच गावातून परदेशी गेलेल्या लोकांच्या मंडळांनी. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली, आठवणी लिहून पाठवल्या, घरातील छायाचित्रे दिली, आणि शेवटी मारल्या गेलेल्यांच्या नावांची यादी जोडली. प्रती काही शेकडाच निघाल्या, कारण वाचकही तेवढेच अपेक्षित होते. लिहिणारे आणि वाचणारे एकमेकांना ओळखत होते, ही गोष्ट पुढे पुढे फार महत्त्वाची ठरते.

आधी गाव निश्चित करावे

ग्रंथ शोधण्यापूर्वी गाव शोधावे लागते, आणि बहुतेकांचे काम इथेच अडते. याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, परदेशी गेलेली माणसे आपल्या लहान गावाऐवजी जवळच्या मोठ्या शहराचे किंवा प्रांताचे नाव सांगत असत. 'मिन्स्कचे' असे सांगणारे कुटुंब मिन्स्क प्रांतातील एखाद्या खेड्याचे असू शकते. दुसरे असे की, एकाच गावाला अनेक नावे असतात. आजचे युक्रेनमधील लविव्ह हे ऑस्ट्रियाच्या अमलाखाली लेम्बर्ग होते, दोन महायुद्धांच्या दरम्यान पोलंडमध्ये ल्वुफ होते. बेलारूसमधील ब्रेस्ट हे ज्यू लोकांच्या तोंडी ब्रिस्क, पोलंडमधील गुरा काल्वारिया हे गेर आणि नोवी सोंच हे त्सांझ. आजच्या नकाशात 'त्सांझ' शोधणाऱ्याला काहीही सापडणार नाही.

म्हणून घरातील जे कागद उपलब्ध असतील ते आधी तपासावेत. कुटुंब अमेरिकेला गेले असेल तर १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मगाव विचारलेले असते. थडग्यावरील हिब्रू मजकुरात मृताच्या वडिलांचे नाव असते, आणि ते थडगे एखाद्या गावकरी मंडळाने विकत घेतलेल्या जागेत असेल तर त्या मंडळाचे नाव दफनभूमीच्या फाटकावर किंवा कार्यालयाच्या दप्तरात मिळते. ते नाव गावाचेच असते. एकदा उच्चार हाती आला की ज्यूइशजेन या संस्थेच्या संकेतस्थळावरील गावांच्या कोशात तो घालून पाहावा. तिथे प्रत्येक गावाची निरनिराळ्या भाषांतील नावे आणि निरनिराळ्या काळात ते कोणत्या देशात होते याची माहिती दिलेली असते. एकाच नावाची अनेक गावे निघतील, उदाहरणार्थ यानुफ किंवा ओस्त्रुफ. अशा वेळी कोणतेही गाव घाईने आपले मानू नये. सर्वांची टिपणे करून ठेवावीत आणि आडनाव कोणत्या गावाच्या यादीत सापडते ते पाहून मग निवड करावी.

ग्रंथ कुठे मिळतात

याबाबत आजचा शोधक भाग्यवान आहे. न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीच्या ज्यू विभागाने असे शेकडो ग्रंथ पानोपान स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले आहेत. मॅसॅच्युसेट्समधील अॅमहर्स्ट येथील यिडिश बुक सेंटरने याच प्रतिमा आपल्या संग्रहातूनही उपलब्ध केल्या आहेत. ज्यूइशजेनचा भाषांतर प्रकल्प १९९४ पासून चालू आहे; त्यात स्वयंसेवकांनी आणि वंशजांच्या वर्गणीतून नेमलेल्या अनुवादकांनी अनेक ग्रंथ पूर्ण किंवा अंशतः इंग्रजीत आणले आहेत, आणि मृतांच्या याद्यांची एक एकत्रित सूचीही तयार केली आहे. सुरुवात या सूचीपासून करणे सोयीचे असते, परंतु तिच्यात नाव नाही म्हणून ग्रंथात नाही, असा निष्कर्ष कधीही काढू नये. सूचीत केवळ भाषांतरित याद्याच आहेत, आणि मूळ ग्रंथाच्या लेखांमध्ये ओघात आलेली शेकडो नावे कोणत्याच यादीत नसतात.

गाव लहान असेल तर त्याचा स्वतंत्र ग्रंथ निघालेलाच नसतो. तेव्हा शेजारच्या मोठ्या गावाचा ग्रंथ पाहावा. पंचवीस-तीस किलोमीटरच्या परिघातील खेड्यांतली कुटुंबे बाजार, लग्नसंबंध आणि दफनभूमी यांनी त्या गावाशी जोडलेली असत, आणि ग्रंथाच्या शेवटी 'आसपासची खेडी' असे एखादे प्रकरणही अनेकदा असते. त्याशिवाय नाझी संहाराची स्मृती जपणाऱ्या जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने १९६९ पासून देशवार आणि प्रांतवार काढलेला ज्यू वसाहतींचा मोठा हिब्रू कोश आहे. रुमानियाचा खंड प्रथम निघाला आणि पोलंडचे एकूण आठ खंड झाले. यात व्यक्तींची नावे थोडी असतात, पण ज्यू लोकसंख्या कोणत्या वर्षी किती होती, प्रार्थनास्थळ कधी बांधले, धर्मगुरू कोण होते, कोणत्या तारखेला लोकांना कुठे नेले, हे एका-दोन पानांत नेमकेपणाने मिळते. याच संस्थेचा तीन खंडांचा संक्षिप्त इंग्रजी कोश २००१ मध्ये निघाला असून त्यात साडेसहा हजारांहून अधिक वसाहती आहेत. स्मृतिग्रंथ उघडण्यापूर्वी कोशातील ती दोन पाने वाचून घ्यावीत, कारण स्मृतिग्रंथातील लेखक वाचकाला हे सारे ठाऊक आहे असे गृहीत धरून लिहितात.

लिपी येत नसताना यादी कशी वाचावी

ग्रंथ हिब्रूत किंवा यिडिशमध्ये असतो, बहुतेकदा दोन्हींत. दोन्ही भाषा एकाच लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहिल्या जातात. आपल्याला भाषा शिकायची नसून एक आडनाव ओळखायचे आहे, एवढे ध्यानात ठेवले तर काम आवाक्यात येते. बावीस अक्षरे आणि पाच अक्षरांची शब्दाच्या शेवटी येणारी वेगळी रूपे एवढे शिकायला काही संध्याकाळी पुरतात. छापील अक्षरे स्वतंत्र आणि चौकोनी असतात. ती जोडाक्षरांसारखी एकमेकांत मिसळत नाहीत.

समजा आडनाव फेल्डमन आहे. हिब्रूत ते पे, लामेद, दालेत, मेम, नून अशा पाच अक्षरांत लिहिले जाईल. स्वर लिहिलेले नसतात, आणि 'पे' हे अक्षर प आणि फ दोन्हींसाठी असल्यामुळे तेच पाच आकार पेल्डमन किंवा पोल्डमन असेही वाचता येतील. यिडिशमध्ये स्वर लिहितात, म्हणून त्याच आडनावात एकारासाठी आयिन आणि अकारासाठी आलेफ अशी दोन अक्षरे वाढतात. म्हणजे एकाच ग्रंथात एकाच घराण्याचे आडनाव दोन लांबींत दिसू शकते. दोन्ही रूपे मोठ्या अक्षरांत एका कागदावर काढून तो कागद पडद्याशेजारी ठेवावा आणि यादीतून नजर फिरवावी. दालेत आणि रेश ही अक्षरे जवळजवळ सारखी दिसतात, तसेच अंत्य मेम आणि सामेख. जुन्या, फिकट छपाईत यांची गल्लत हमखास होते. तेव्हा एका अक्षराचा फरक असलेले नावही टिपून ठेवावे.

यादी त्या लिपीच्या वर्णक्रमाने असते, रोमन लिपीच्या नव्हे. म्हणून स्टर्न हे आडनाव 'शीन' या अक्षराखाली, म्हणजे शेवटून दुसऱ्या गटात सापडेल, आणि एरलिख हे यिडिश लेखनाप्रमाणे आयिनखाली किंवा हिब्रू लेखनाप्रमाणे आलेफखाली, असे दोन्हीकडे पाहावे लागेल. छायाचित्रांच्या बाबतीतही दिशा विसरू नये. शाळेचा वर्ग, युवक संघटनेची शाखा, अग्निशमन दलाचे पथक अशा समूहचित्रांखालील नावे बहुतेकदा उजवीकडून डावीकडे दिलेली असतात. भाषांतरात हा क्रम कधी कधी न सांगता उलटला जातो, आणि मग भलत्याच तरुणाचा चेहरा कुटुंबाच्या वंशवृक्षावर चिकटतो. मूळ पान उघडून, ओळीतील माणसे मोजून, नावांची संख्या जुळते का हे पाहिल्याशिवाय कोणतेही छायाचित्र स्वीकारू नये.

रोमन लिपीतील सूचीत शोधताना वर्णविन्यासाची अडचण येते. त्यासाठी १९८५ मध्ये रँडी डाइच आणि गॅरी मोकोटॉफ यांनी स्लाव्हिक व यिडिश आडनावांसाठी एक ध्वनिसंकेत तयार केला. त्यात उच्चाराने सारखी आडनावे एकाच सहा अंकी संकेताखाली येतात. अमेरिकेतील जुन्या पद्धतीत डब्ल्यू हे अक्षर हिशेबात न धरल्यामुळे मोस्कोविट्झ हे आडनाव त्या अक्षराने आणि व्ही अक्षराने लिहिले की दोन वेगवेगळ्या संकेतांखाली जाते; या पद्धतीत दोन्हींचा संकेत ६४५७४० असाच येतो. ज्यूइशजेनच्या शोधपेटीत 'उच्चारानुसार' हा पर्याय निवडला की हेच काम आपोआप होते. तो पर्याय नेहमी निवडावा.

एक ओळ, सावकाश

मृतांच्या यादीतील ओळ कशी असते ते नमुन्यादाखल पाहू: 'फेल्डमन, रेब मोशे बेन याकोव, त्याची पत्नी, मुलगी रिव्का, तिचा पती आणि त्यांची दोन मुले.' ही ओळ उदाहरणासाठी रचलेली आहे, पण अशा हजारो ओळी या ग्रंथांत आहेत.

'रेब' हे आदरार्थी संबोधन आहे. कोणत्याही विवाहित, प्रतिष्ठित पुरुषाच्या नावाआधी ते लागते. त्यावरून मोशे धर्मगुरू होता असे ठरवू नये. घराण्यात रब्बी होऊन गेले अशी जी समजूत अनेक कुटुंबांत आढळते तिचे मूळ पुष्कळदा या दोन अक्षरांत असते. 'बेन' म्हणजे पुत्र, स्त्रीच्या नावापुढे 'बात' म्हणजे कन्या. याकोव हे नाव मिळाल्यामुळे आपण एका झटक्यात एक पिढी मागे गेलो. नावांपुढे येणारी दोन संक्षेपरूपेही ओळखावीत: एक 'झायिन-लामेद', म्हणजे ती व्यक्ती दिवंगत आहे; दुसरे 'हे-योद-दालेत', म्हणजे ती ज्यू म्हणून मारली गेली. लेखातील एखाद्या आजोबांच्या नावापुढे पहिले रूप असेल तर ते संहारापूर्वी, आपल्या मरणाने गेले असण्याची शक्यता मोठी असते, आणि मग त्यांची मृत्युनोंद सरकारी वहीत शोधता येते.

पत्नीचे नाव दिलेले नाही. हे वाचताना वाईट वाटते, आणि वाटावेच. मात्र ते नाव देणाऱ्याला माहीत नव्हते असाच त्याचा अर्थ घ्यावा. नाव देणारा बहुधा मोशेचा नातेवाईक नसून शेजारी किंवा व्यवहारातील ओळखीचा होता. सख्ख्या नातेवाइकाने दिलेल्या ओळीत बाळांचीही नावे असतात. म्हणजे ओळीच्या तपशिलावरून सांगणाऱ्याचे अंतर कळते.

रिव्काच्या पतीचे आडनावही नाही. तेव्हा ती यादीत दुसऱ्या एखाद्या अक्षराखाली, पतीच्या घरासोबत पुन्हा नोंदली गेलेली असू शकते. संपूर्ण यादीतील दोन मुले असलेल्या रिव्का टिपाव्यात, चार-पाच सापडतील. त्यांपैकी आपली कोणती हे ग्रंथ सांगणार नाही, विवाहाची नोंद सांगेल. त्या नोंदीत मात्र ही माणसे दुसऱ्या रूपांत भेटतील: मोशे हा मोशेक, याकोव हा यांकेल, रिव्का ही रिफ्का. शिवाय अनेक पुरुषांना जोडनाव असे, एक हिब्रू आणि एक यिडिश, आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या असत. त्स्वी आणि हिर्श, दोव आणि बेर, झेव आणि वोल्फ, येहुदा आणि लेब. ग्रंथातील त्स्वी हाच नोंदवहीतील हेर्श असू शकतो, त्यामुळे वंशवृक्षात त्यांचे दोन भाऊ करण्याआधी थांबावे. अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील, ज्यू हयात नातलगाचे नाव मुलाला ठेवत नाहीत. म्हणून एखाद्या घरात १९१० च्या सुमारास अचानक याकोव नावाची तीन चुलत भावंडे जन्मली असतील, तर आजोबा याकोव त्याआधी थोडाच काळ वारले असावेत हे अनुमान पुष्कळदा खरे ठरते.

मृत्यूचे वर्ष अक्षरांत दिलेले असते. तव म्हणजे ४००, शीन म्हणजे ३००, बेट म्हणजे २, एकूण ७०२. हजाराचा आकडा लिहीत नाहीत, तो ५००० धरायचा, म्हणजे ५७०२. यातून ३७६० वजा केले की १९४२ येते. परंतु ज्यू वर्ष शरद ऋतूत बदलत असल्यामुळे वर्षाच्या आरंभीचे महिने १९४१ चे असतात. महिना पाहिल्याशिवाय इसवी सन लिहू नये.

कोण बोलत आहे

माझ्या मते या ग्रंथांच्या वापरातील सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे. वाचक नाव शोधतो, सापडले की पान कापून ठेवतो, आणि लेख कोणी लिहिला हे पाहतच नाही. वास्तविक प्रत्येक लेखाला लेखक आहे, त्याला वय आहे, त्याची राजकीय बाजू आहे, आणि तो गाव सोडून कधी गेला याला एक वर्ष आहे. १९२६ साली पॅलेस्टाइनला गेलेल्या तरुणाने १९४२ मधील घटनांचे वर्णन केले असेल तर ते त्याने दुसऱ्याकडून ऐकलेले आहे. त्याच तरुणाने १९२० च्या सुमारच्या शाळेचे वर्णन केले असेल तर ते मात्र डोळ्यांनी पाहिलेले आहे आणि मोलाचे आहे. एकाच ग्रंथातील दोन लेखांना, किंबहुना एकाच लेखातील दोन परिच्छेदांना, वेगवेगळे वजन द्यावे लागते.

इस्रायलमध्ये निघालेल्या ग्रंथांत झायोनिस्ट, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे राष्ट्र उभारू पाहणाऱ्या, युवक संघटनांना भरपूर पाने मिळतात. साम्यवादी कामगार, अगदी गरीब लोक, धर्म सोडून गेलेले लोक यांचा उल्लेख ओझरता असतो किंवा नसतोच. स्त्रियांविषयी लेख थोडे, पण आठवणींच्या आत डोकावले तर दुकान चालवणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या स्त्रिया ठिकठिकाणी दिसतात. माणसांची ओळख आडनावाने क्वचितच दिलेली असते. गावात सर्वजण टोपणनावानेच ओळखले जात: मोशे बेकरीवाला, लंगडा दाविद, किंवा आईच्या नावावरून 'बेलेचा खाइम'. आडनावाच्या शोधात ही माणसे कधीच सापडत नाहीत. म्हणून घराण्याचा व्यवसाय माहीत असेल तर त्या व्यवसायाचा शब्द यिडिशमध्ये शिकून घ्यावा आणि बाजारपेठेवरचे लेख त्या नजरेने वाचावेत. या ग्रंथांत आठवणीने काढलेले नकाशेही असतात. त्यांना मोजमाप नसते, पण कोणाचे घर कोणाच्या शेजारी होते हे त्यांत बहुधा बरोबर असते. आजच्या नकाशावर ते बसवून पाहिले तर घराची जागा काही पावलांच्या अंतरापर्यंत निश्चित करता येते.

ही तपासणी पूर्व युरोपातील ग्रंथांपुरतीच नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाचा इतिहास हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला, आणि तो त्यांच्या निधनानंतर १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. तिथे आडनावच गावाचा पत्ता सांगते: केहीमकर किहीमचे, दिवेकर दिव्याचे, पेणकर पेणचे. पण व्यक्तिनावांचा पेच तिथेही आहे. १७९६ साली मुंबईत त्या समाजाचे पहिले प्रार्थनास्थळ बांधणारे सॅम्युएल इझेकिएल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर, हे ठाऊक नसलेला शोधक त्यांना दोन माणसे समजेल. आणि नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली ही कथा समाजाची परंपरा म्हणून आदराने टिपावी, वंशवृक्षातील पहिली नोंद म्हणून नव्हे. लेखक त्याच समाजातला आणि समाजाचे स्थान जगाला पटवून देण्यासाठी लिहिणारा होता, ही बाब इथेही लक्षात ठेवावी लागते.

नोंदवह्यांशी मेळ

ग्रंथातून जे मिळाले ते धागा समजून पुढचा शोध करावा. पोलंडच्या मध्यभागात नागरी नोंदणी १८०८ पासून आहे, ज्यू लोकांच्या स्वतंत्र वह्या १८२६ पासून सुरू होतात, आणि १८६८ पासून त्या रशियन भाषेत आहेत. जेआरआय-पोलंड ही संस्था १९९५ पासून या वह्यांच्या सूच्या तयार करीत आहे आणि त्या विनामूल्य शोधता येतात. पोलंडच्या कायद्याप्रमाणे जन्मनोंदी शंभर वर्षांनी आणि विवाह व मृत्यूच्या नोंदी ऐंशी वर्षांनी खुल्या होतात. म्हणजे वरच्या उदाहरणातील रिव्काचा १९३० च्या सुमारचा विवाह आज तपासता येईल, पण तिच्या मुलांचे जन्म अजून सर्वांना खुले नसतील.

गॅलिशियात, म्हणजे ऑस्ट्रियाच्या अमलाखाली राहिलेल्या भागात, एक विशेष सावधगिरी हवी. तिथे अनेक जोडप्यांनी केवळ धार्मिक विवाह केला, सरकारी नोंद केली नाही. त्यामुळे सरकारी वहीत मुले अनौरस म्हणून आणि आईच्या आडनावाने नोंदली गेली, तर गावात आणि पुढे स्मृतिग्रंथात ती बापाच्या आडनावाने ओळखली गेली. ग्रंथातील फेल्डमन वहीत सापडत नसेल तर आईच्या माहेरच्या आडनावाखाली पाहावे. या प्रकाराने कुटुंबावर कोणताही डाग लागत नाही. तो त्या काळच्या कायद्याचा परिणाम आहे. आडनावांचा इतिहासही तोकडा आहे. ऑस्ट्रियात ती १७८७ पासून, रशियात १८०४ पासून आणि रशियाच्या ताब्यातील पोलंडमध्ये १८२१ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या पिढ्यांत आडनावाने शोधणे व्यर्थ आहे. तिथे वडिलांच्या नावाचाच आधार घ्यावा लागतो.

संहारकाळासाठी मारल्या गेलेल्यांच्या नावांचा याद वाशेमचा नामकोश आणि नाझी छळाची कागदपत्रे जपणारे जर्मनीतील बाड आरोल्सन येथील आरोल्सन अभिलेखागार ही दोन ठिकाणे आधी पाहावीत. स्मृतिग्रंथातील यादीत नाव असलेली व्यक्ती जिवंत राहिली होती, असे क्वचित निघते. यादी करणाऱ्यांना ती कुठे आहे हे कळले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. उलटपक्षी संपूर्ण कुटुंब नष्ट झाले असेल तर नाव सांगायला कोणीच उरले नाही, म्हणून ते यादीत नाही, असेही घडते. तारीख, वय, नातेसंबंध यांत दोन साधनांचे एकमत नसेल तर एक खोडून दुसरे ठेवू नये. दोन्ही लिहावेत, प्रत्येकासमोर सांगणाऱ्याचे नाव लिहावे, आणि आपला कल कोणीकडे आहे व का, हे वेगळ्या ओळीत नोंदवावे. माझ्या टिपणांत प्रत्येक नावासमोर पाच गोष्टी असतात: ग्रंथ आणि पान, मूळ लिपीतील नाव जसे छापले तसे, माझे लिप्यंतर, लेखकाचे नाव, आणि लेखकाने गाव सोडले ते वर्ष. यातली शेवटची गोष्ट मिळवायला सर्वांत वेळ लागतो आणि तीच सर्वांत उपयोगी पडते.

यंत्राने केलेले भाषांतर कच्च्या मसुद्यासाठी चालते, विशेषतः हिब्रूचे. यिडिशमध्ये ते पुष्कळ फसते आणि विशेषनामांचा सामान्य नामांसारखा अर्थ लावून टाकते. फेल्डमन 'शेतातला माणूस' होऊन बसतो आणि शोधातून निसटतो. म्हणून यंत्राकडून फक्त कोणते पान महत्त्वाचे आहे एवढे ठरवून घ्यावे आणि ते एकच पान जाणकाराकडून शब्दशः वाचून घ्यावे. पूर्ण ग्रंथ कोणी वाचून देणार नाही, एक पान अनेक जण आनंदाने वाचून देतात. भाषांतर प्रसिद्ध करायचे असेल तर हक्क कोणाकडे आहेत हे आधी पाहावे, कारण मूळ मंडळे बंद पडली असली तरी हक्क संपलेले नसतात.

शेवटी एक काम असे आहे की जे शोधकानेच करायचे असते. ग्रंथात सापडलेले नाव याद वाशेमच्या नामकोशात नसेल, किंवा 'पत्नी' एवढाच उल्लेख असलेल्या स्त्रीचे नाव आपल्याला विवाहनोंदीतून मिळाले असेल, तर त्या व्यक्तीसाठी साक्षपत्र, म्हणजे मृताची माहिती नोंदवणारा याद वाशेमचा फॉर्म, भरता येते. भरण्यापूर्वी निरनिराळ्या उच्चारांनी शोधून त्या व्यक्तीचे पत्र आधीच आहे का ते पाहावे. फॉर्मवर माहिती देणाऱ्याचे मृताशी नाते विचारलेले असते. तिथे अनुमानाने नाते जोडू नये, दूरचे असेल तर दूरचे, नसेल तर संशोधक असे लिहावे. जन्मवर्ष नक्की नसेल तर रकाना रिकामा ठेवावा, आणि माहितीच्या स्रोतात ग्रंथाचे पान, लेखकाचे नाव आणि नोंदवहीतील नोंदीचा क्रमांक हे तिन्ही द्यावेत.